नाइट ड्युटीची सवय का होत नाही, आणि मग करायचं काय

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण करून मुली आमच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होतात, तेव्हा पहिले दोन आठवडे त्यांचा चेहरा उजळलेला असतो. छातीवर स्वतःच्या नावाची पट्टी, हातात स्वतःचा पगार, बाजारात कुणीतरी "सिस्टर" म्हणून मारलेली हाक. मग चार्टवर पहिल्यांदा नाइट लागते. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर सकाळी ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, देऊन झाला की एखादी घुटमळते आणि हळूच विचारते, "मॅडम, दिवसा झोपच लागत नाही. आणि रात्री चारला उभ्या उभ्या डोळे मिटतात. मला काही आजार तर नाही ना?"

तिला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: "होईल सवय. आम्ही नाही का केलं?" कित्येक वर्षं मीही हेच सांगत आले. यवतमाळ जिल्ह्यात नोकरी करताना बावीस वर्षं झाली, आता आमच्याकडचा ड्युटी चार्ट मी लावते. तो लावायची जबाबदारी आल्यावर हा विषय मुळापासून समजून घेतला आणि कळलं, की आम्ही पोरींना चुकीचं सांगत होतो. फिरत्या पाळीत शरीराला रात्रीची सवय होत नाही. सवयीची वाट पाहत बसलेली मुलगी स्वतःलाच दोष देत राहते, आणि जे करता येण्यासारखं आहे तेही राहून जातं.

रात्रीचं ओलीत पाहिलेल्या घराला हे लवकर कळेल

आधी पाळी म्हणजे काय ते सांगते. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत मॉर्निंग सकाळी 8 ते 2, इव्हनिंग 2 ते 8, आणि नाइट रात्री 8 ते सकाळी 8, म्हणजे सलग बारा तास. एकीला कायम एकच पाळी नसते. चार दिवस मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट, मग सुटी, की पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कृषिपंपाला आठवड्यातले काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर रात्रीची लाइन असेल तेव्हा रात्रीच जावं लागतं. बॅटरी घेऊन बांधावर बसलेला बाप पहाटे घरी येतो आणि सकाळी दहाला पुन्हा उठून बसतो, कारण ऊन पडलं की झोप लागत नाही. दोन दिवसांनी लाइन दिवसाची होते, तर त्याला रात्री अकराला टक्क जाग. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे, आणि त्या मागणीत साप-विंचवाच्या भीतीइतकीच ही मोडलेली झोपही आहे. त्याच घरातली मुलगी सिस्टर झाली की तिची झोपही तशीच मोडते. कारण एकच.

डोक्यातलं घड्याळ

मेंदूच्या बुडाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जिथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या लगेच वर, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. झोप कधी यावी, ताप मोजतो ते अंगाचं तापमान कधी चढावं आणि कधी उतरावं, भूक कधी लागावी, कुठला रस कधी सुटावा, हे सगळं ते साधारण चोवीस तासांच्या फेऱ्यात लावून देतं. या फेऱ्याला सर्कॅडियन लय म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ "सुमारे एक दिवस", आणि फ्रान्झ हालबर्ग या शास्त्रज्ञाने 1959 मध्ये हा शब्द रूढ केला. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांमध्ये शोधलं. त्यासाठी त्यांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या घड्याळाला रोज चावी लागते, आणि ती चावी म्हणजे उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम पाहणं नसून बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणं असतं. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचा रस सुटतो आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. उजेड दिसला की तो थांबतो.

यातच फिरत्या पाळीची खरी अडचण आहे. वॉर्डातल्या ट्यूबलाइटचा उजेड मोजला तर शंभर ते तीनशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास भरतो. सकाळी आठला बाहेर पाऊल टाकलं की दहा हजार लक्सच्या वर. म्हणजे रात्रभर शरीराला "दिवस आहे, जागी राहा" असं समजावायला लुकलुकता दिवा, आणि झोपायला घरी निघालं की समोर सूर्य. घड्याळ कुणाचं ऐकणार?

झोपेची उधारी

घड्याळासोबत दुसरीही एक गोष्ट चालू असते. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितके तास जागं, तितका जास्त, आणि तितकी झोपेची ओढ मोठी. झोपलं की तो उतरतो. किराणा दुकानातल्या वहीसारखं समजा: जागलेला प्रत्येक तास उधारीत लिहिला जातो आणि झोप ती फेडते. चहा-कॉफीतलं कॅफिन उधारी फेडत नाही. ते दुकानदाराला थोडा वेळ दाराबाहेर थांबवतं, एवढंच.

एरवी घड्याळ आणि उधारी एका लयीत चालतात. रात्री दहाला उधारी वाढलेली असते आणि घड्याळही "झोप" म्हणतं. नाइटवरून घरी आल्यावर मात्र उधारी डोक्यावर आणि घड्याळ म्हणतंय "उठ, दिवस उगवला". म्हणून सकाळी नऊला आडवं होताच गाढ झोप लागते, आणि एक-दीडला टक्क जाग येते. थकवा तसाच, झोप मात्र गेलेली. नाइट करणाऱ्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तासांनी तोकडी असते, ती यामुळे. त्यात त्या मुलीची काही चूक नाही.

मग सवय होतच नाही का?

घड्याळ सरकतं, पण बैलगाडीच्या चालीनं. दिवसाला साधारण एक ते दीड तास, तेही उजेड-अंधार त्याला साथ देत असेल तर. रात्रपाळीसाठी ते दहा-बारा तास सरकायला हवं. पाच-सहा रात्रींत ते अर्ध्या वाटेवर येतं न येतं तोच नाइट ऑफ लागतो. मुलगी घरी जाते, घरच्यांसोबत दिवसा जागते, रात्री झोपते आणि घड्याळ पुन्हा मूळ जागी. पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तुम्ही म्हणाल, "पण कायम रात्रीच काम करणाऱ्या चौकीदाराला तर सवय असते." या प्रश्नाचा जगभरातल्या अभ्यासांवरून 2008 मध्ये आढावा घेतला गेला. कायम रात्रपाळी करणाऱ्यांतही ज्यांचं घड्याळ पूर्ण उलटं झालं असे शंभरात तीनही निघाले नाहीत. बरंचसं जुळवून घेतलेले धरले तरी ते चारात एकापेक्षा कमी. चौकीदाराला सवय झालेली असते ती ओढून नेण्याची.

आमच्या काळच्या सिस्टर म्हणतात, "आम्ही तीस वर्षं काढली." काढली, खरंच काढली, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. पण त्यांच्यापैकी कितीजणींना ॲसिडिटी, बीपी, शुगर आहे, कितीजणी निवृत्तीनंतरही रात्री तीनला जाग येते म्हणतात, हेही मी पाहिलं आहे.

पहाटे तीन ते सहा

नव्या मुलीने सगळ्यांत जास्त जपायचं ते या तीन तासांना. अंगाचं तापमान चोवीस तासांत सगळ्यांत खाली येतं ते साधारण पहाटे चार-पाचच्या सुमारास. घड्याळाची झोपेची हाक तेव्हा सगळ्यांत मोठी असते आणि उधारीही भरलेली. हात चालतो, पण डोकं मागे राहतं.

किती मागे, याचा एक हिशोब आहे. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई मोजली, तर ती रक्तात शंभर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी उतरलेली होती. चोवीस तास जागल्यावर दुप्पट दारूइतकी. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. आता असं धरा, की मुलगी सकाळी सहाला उठली, दिवसभर घरचं आवरलं, न झोपता नाइटला आली. रात्री अकरालाच तिचे सतरा तास भरले. पुढे अख्खी रात्र बाकी.

भोपाळची वायुगळती 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री झाली. चेर्नोबिलचा स्फोट रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी, थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीतला बिघाड पहाटे चारच्या सुमारास. या दुर्घटनांची कारणं अनेक होती, झोप हे एकच कारण सांगणं अन्यायाचं होईल. पण यंत्र बिघडलं तेव्हा ते सावरायला समोर असलेली माणसं रात्रीची माणसं होती.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्या नोकरीचा दुसरा महिना, पाचवी नाइट. पहाटे साडेपाचला शुगर तपासून इन्सुलिन भरत होते. आमच्या साठ्यातली बाटली 40 युनिटची असायची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40. त्या दिवशी नातेवाइकांनी शहरातून 100 युनिटची बाटली आणली होती. मी ती उचलली आणि लाल टोपीच्या, 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरली. म्हणजे 20 च्या जागी 50 युनिट, अडीचपट. शेजारच्या वॉर्डची सिस्टर कापूस मागायला आली होती. तिने बाटली पाहिली, सिरिंज पाहिली आणि माझा हात धरला. पेशंट एक म्हातारी आजी होती आणि गाढ झोपलेली होती. आजही इन्सुलिन भरताना मला ती आजी आठवते.

मला तेव्हा नियम पाठ होता. 40 च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, 100 च्या बाटलीला नारिंगी टोपीची. नियम माहीत असणं पहाटे साडेपाचला पुरत नाही. म्हणून त्या वेळेसाठी काही गोष्टी हाताला लावून घ्याव्या लागतात. इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड, हेपॅरिन, मॅग्नेशियम सल्फेट, ऑक्सिटोसिन ही औषधं रात्री तीननंतर कधीही मनातल्या मनात वाचायची नाहीत. बाटलीवर बोट ठेवून नाव, ताकद आणि डोस मोठ्याने वाचायचा. दुसरी सिस्टर असेल तर तिला ऐकवायचा, नसेल तर स्वतःच्या कानांना ऐकवायचा. आवाज निघाला की चूक कानाला खटकते. हिशोब कागदावर मांडायचा, मनात नाही. आणि जे काम थांबू शकतं, रजिस्टर भरणं, साठ्याची मोजणी, ते या तासांत काढायचं नाही. ते रात्री अकरा-बाराला उरकायचं.

आपल्या भागात या तासांना आणखी एक वजन आहे. पावसाळ्यात मण्यार रात्रीच चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि चावलेलं बहुतेकदा कळतही नाही. पहाटे माणूस येतो तो पोटात दुखतं किंवा घशात काही अडकल्यासारखं वाटतं म्हणत. दाताची खूण सापडत नाही. त्याच्या पापण्या खाली येत आहेत का, हे बघणारी पहिली व्यक्ती बहुधा सिस्टर असते. पेशंटची पापणी जड झाली आहे हे ओळखायचं, ते नेमकं आपली स्वतःची पापणी जड असताना. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर भरती झाले होते. तेव्हाही अॅट्रोपिन (त्या विषावरचा उतारा) चालू असलेल्या पेशंटची बाहुली, नाडी आणि तोंडाचा फेस बघत बसायच्या रात्री अशाच होत्या. सिस्टरची झोप हा तिचा खाजगी प्रश्न नाही, असं मी म्हणते ते यासाठी.

पहिल्या नाइटच्या आधी

नव्या मुलींची सगळ्यांत सर्रास होणारी चूक म्हणजे पहिल्या नाइटला उधारी घेऊन येणं. त्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपा आणि दुपारी दोन ते चारच्या मध्ये तास-दीड तास पुन्हा आडव्या व्हा. दुपारी घड्याळालाही थोडी पेंग येतेच, तिचा फायदा घ्या. झोप लागली नाही तरी अंधार करून पडा.

मॉर्निंग करून त्याच दिवशी नाइट लागली, म्हणजे दोनला सुटून आठला परत, तर मधल्या सहा तासांतले किमान दोन झोपेचेच. बाजार, धुणं, बँक, सगळं दुसऱ्या दिवशी.

रात्रीचा डबा आणि चहा

पोटालाही स्वतःचं घड्याळ असतं आणि ते रात्री बंद असतं. तेच जेवण रात्री दोनला केलं की दुपारपेक्षा साखर जास्त चढते. अमेरिकेत 2021 मध्ये झालेल्या प्रयोगात लोकांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली, आणि रात्रपाळी करूनही फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही.

बारा तास उपाशी राहा असं मी कुणाला सांगणार नाही, लेबर रूममध्ये चक्कर येऊन कसं चालेल? पण मुख्य जेवण ड्युटीवर येण्याआधी, सात-साडेसातला घरीच करा. भाकरी, वरण, भाजी, पोटभर. डब्यात बाराच्या सुमारासचं हलकं काही: ताक, फुटाणे, एखादं संत्रं, मुगाची खिचडी. रात्री तीनचा आलूबोंडा टाळा. तो झोपही आणतो आणि छातीत जळजळही. पाणी पीत राहा. काम संपेना म्हणून लघवी धरून ठेवणं आणि त्यामुळे पाणीच न पिणं, या सवयीने कितीतरी सिस्टरना इन्फेक्शन झालेली पाहिली आहेत.

चहाचा हिशोब असा. पोटात गेलेल्या कॅफिनचं निम्मं उरायला साधारण पाच तास लागतात. नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा तीन-साडेतीनच्या आत. ड्युटी सुटल्यावर स्टँडवरच्या टपरीवर तर्री-पोहे खायचा आपल्याकडे रिवाज आहे आणि तो मोडावा असं मला वाटत नाही. रात्रभर सोबत राबलेल्या बायकांना दहा मिनिटं एकत्र बसायला मिळतं. पोहे खा, तर्री कमी घ्या, आणि सोबतचा चहा तेवढा सोडा.

"पाच मिनिटं डोळा लागला तर काय बिघडतं?"

सोबत दुसरी सिस्टर जागी असेल, वॉर्ड शांत असेल आणि इन्चार्जना माहीत असेल, तर पंधरा-वीस मिनिटांची डुलकी फायद्याचीच असते. दोन ते तीनच्या मध्ये घेतली तर पहाटेच्या तासांना बळ येतं. वीस मिनिटांपेक्षा लांबली तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं बधिर असतं. त्या अवस्थेत इंजेक्शन भरायचं नाही. आधी तोंड धुवा, व्हरांड्यात फेरी मारा.

एकटीच ड्युटीवर असाल तर मात्र डुलकी घेऊ नका. मावशी जाग्या असल्या तरी पेशंटची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. अशा रात्री उभी कामं करा, दर तासाला फेरी मारा, आणि झोप अनावर झाली तर ऑनकॉल डॉक्टरांना किंवा शेजारच्या वॉर्डला तसं सांगा. "मला झोप येतेय" हे बोलायला लाज वाटते. न बोलल्याने काय होऊ शकतं ते वर सांगितलं आहे.

वॉर्डाच्या साठ्यातल्या झोपेच्या गोळ्या दिवसा झोपण्यासाठी कुणी घेऊ नका. मेलाटोनिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. या गोळ्यांची ओढ लागलेल्या चांगल्या सिस्टर मी गमावल्या आहेत.

घरी जाताना

सकाळी नऊला मोकळ्या रस्त्यावर स्कूटी चालवणं हा नाइट ड्युटीतला मोठा धोका आहे. मेंदू दोन-चार सेकंद झोपून घेतो आणि माणसाला कळतही नाही. ताशी 40 किलोमीटरने तीन सेकंदांत गाडी तीस मीटरहून जास्त जाते. वाटेत ट्रॅक्टर, बैल, अचानक आलेला गतिरोधक. जमेल तिथे एसटीने या. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पेट्रोलपेक्षा ते स्वस्तच पडतं. सोबतच्या सिस्टरला आधीच सांगून ठेवा की माझा स्टॉप आला की हलव.

उजेडाबद्दल वर सांगितलं. आपल्याकडे मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतातच. बसमध्ये बसल्यावर काळा चष्मा लावा आणि घरी पोचेपर्यंत ठेवा, म्हणजे सूर्याची चावी घड्याळाला कमी बसते. स्कूटी स्वतः चालवत असाल तर मात्र काळा चष्मा नको. उजेडच तेवढा वेळ जागं ठेवतो.

मे महिन्यातली दिवसाची झोप

झोपेवरचे सगळे सल्ले थंड देशांत लिहिलेले असतात. खोलीत पूर्ण अंधार करा, थंडावा ठेवा, असं त्यात असतं. आमच्या पोरी टिनाच्या भाड्याच्या खोलीत राहतात. मे महिन्यात बाहेर 45 अंश, दुपारी टीन तापून भट्टी झालेली, आणि दोनला लाइट जाते.

तिथे काय करता येतं ते सांगते. उन्हाळ्यात सकाळी घरी आल्यावर अजिबात वेळ काढू नका, कपडे धुणं नाही, मोबाइल नाही. नऊ ते एक हे चार तास झोपेचे खरे तास. त्यानंतर उष्णता झोपू देणार नाही, हे धरूनच चला. उरलेली झोप संध्याकाळी पाच ते साडेसहा, ड्युटीच्या आधी. दोन तुकड्यांत मिळून साडेपाच-सहा तास होतात. एकसलग नसली तरी ती झोपच असते. कूलरच्या ताट्या वाळ्याच्या असोत की लाकडाच्या भुशाच्या, उन्हाळा लागताच बदला. खिडकीला जुनी जाड गोधडी बांधा, ऊन आणि उजेड दोन्ही अडतात. डोळ्यांवर सुती ओढणीची घडी, कानात कापूस. झोपण्याआधी ओल्या पंच्याने हातपाय पुसा. रुग्णालयात नर्सेससाठी खोली असेल आणि ती खालच्या मजल्यावर असेल, तर त्या दोन महिन्यांत तिथेच झोपायची परवानगी मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मोबाइल शांत ठेवा आणि फक्त एका नंबरची घंटी चालू ठेवा, घरातला कुणीतरी एक. बाकी सगळे दुपारी दोननंतर.

शेवटच्या नाइटनंतर पूर्ण दिवस झोपू नका. दोन-तीन तास झोपून उठा, दुपारी उजेडात फिरा आणि रात्री लवकर झोपा. घड्याळ लवकर जागेवर येतं.

"सून बारापर्यंत लोळते"

हे सगळं मुलीने केलं, तरी घराने साथ दिली नाही तर व्यर्थ आहे. शेजारीण दारात येऊन विचारते, "काहून वं, तुही सून अजून उठली नाई काय?" आणि सासूला मान खाली घालावीशी वाटते. मी एका घरी जाऊन बसले होते अशाच कारणाने. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना वाटत होतं की रात्री दवाखान्यात पलंग असतो, पोरगी तिथे झोपते आणि घरी येऊनही झोपते. मी त्यांना विचारलं, मामा ओलिताहून पहाटे आले की त्यांना तुम्ही आठला उठवता का? त्या म्हणाल्या, "नाई वं, थकून आलेला माणूस." मग म्हटलं, हीपण रात्री बाराही तास पाणीच देत होती, तीस बेडला. दुसऱ्या दिवसापासून शेजारणीला उत्तर सासूबाईच देऊ लागल्या.

कॅन्सर होतो म्हणे?

हा प्रश्न दर बॅचमधून येतो, कारण बातमी मोबाइलवर फिरत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला "कॅन्सरला बहुधा कारण ठरणारी" या गटात टाकलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. याच गटात लाल मांसही आहे. अभ्यासांतली काळजी मुख्यतः वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांबद्दल आहे. नव्या मुलीने यावर झोप उडवू नये, पण तिशीनंतर स्तनांची तपासणी, वजन, बीपी, शुगर याकडे लक्ष ठेवावं. पेशंटना रोज सांगतो तेच स्वतःला लावायचं.

काहीजणींनी मात्र नाइट लागण्याआधीच इन्चार्जना आणि डॉक्टरांना सांगितलं पाहिजे: फिट्स येणाऱ्या, इन्सुलिनवर असलेल्या, गरोदर, नैराश्याची औषधं चालू असलेल्या. आणि आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटाकडच्या मुलींसाठी खास, सिकलसेलचा (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक) आजार असलेल्या. पाणी कमी पडलं, अंग फार शिणलं की त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. आजार लपवून नाइट करण्यात कसलाही पराक्रम नाही.

चार्ट लावणाऱ्यांसाठी

घड्याळाची स्वतःची फेरी चोवीस तासांहून किंचित मोठी असते, म्हणून त्याला उशिरा सरकणं सोपं आणि लवकर सरकणं अवघड. पाळी मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट अशी पुढे फिरवली तर शरीराला कमी जड जाते. नाइट, इव्हनिंग, मॉर्निंग अशी उलटी फिरवू नये. आणि सलग रात्री दोन-तीनच असाव्यात, कारण प्रत्येक रात्रीची उधारी पुढच्या रात्रीवर चढते.

आमच्याकडे हजर सिस्टर सात. सात-सात रात्री लावल्या तर प्रत्येकीची नाइट 49 दिवसांनी येते. तीन-तीन लावल्या तर 21 दिवसांनी. एकूण रात्री तेवढ्याच, पण सातव्या रात्री पहाटे पाचला कुणी इन्सुलिन भरत नाही. मी तीनवर आणलं तेव्हा नाराजी झाली. गोंदियाकडच्या दोघी म्हणाल्या, सात रात्री एकदम केल्या की सुट्या जोडून गावाला जाता येतं, तीन रात्रींमागे तेवढ्या सुट्या मिळत नाहीत. त्यांचं खरं आहे. दोन दिवस प्रवासातच जातात त्यांचे. त्यांच्यासाठी चार रात्री आणि जोडून सुटी असा तोडगा काढला आहे. एखादी रजेवर गेली की तोही कोलमडतो, आणि मॉर्निंग-नाइट एकाच दिवशी लावायची वेळ माझ्यावरही येते. रिकाम्या जागा भरल्याशिवाय यातून पूर्ण सुटका नाही, हे मी वरिष्ठांना दर बैठकीत सांगते.

या महिन्यात एक नवी मुलगी आली आहे. तिची पहिली नाइट गुरुवारी. आदल्या दिवशी मी तिला इव्हनिंग दिली आहे, म्हणजे गुरुवारी सकाळी तिला झोपता येईल. काल तिच्या आईचा फोन आला होता. पोरीची काळजी, जेवण, खोलीला कडी नीट आहे का, सगळं विचारून झालं आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तिले दिवसा फोन कवा करू?"

मी म्हटलं, दोननंतर कधीही.